साधं वाक्य आलं की हात मांडीवर

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलंय. घरात बोलायला गेलं की माझा आवाज चढतो, आणि सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते) चप्पल घालून विहारात जाऊन बसतात. कागद तरी उठून जाणार नाही.

मी मनिषा. अहमदपूरहून थोडं आत गेलं की एक गाव लागतं, तिथल्या खासगी शाळेत मराठी शिकवते. सहा वर्षं झाली. पगार नाही. शाळेला अनुदान आलंय, पण माझ्या पदाला मान्यता आलेली नाही. ती आली की मी सरकारच्या लेखी शिक्षिका. नाही आली तर मी कुणीच नाही, नुसती रोज एसटीनं येणारी बाई. दुसरीकडं अर्ज करायचं वय या उन्हाळ्यात निघून गेलं. आता ही एकच फाइल आहे. ती संस्थेचे अध्यक्ष वैजनाथराव, म्हणजे आमचे भाऊसाहेब, यांच्या सहीसाठी अडलीय. सही झाली की ती लातूरला शिक्षण खात्याकडं जाईल.

हेडसर रेवणप्पांना आज परत विचारलं. म्हणाले, "मॅडम, तुमचं काम होऊनच राहिलंय. कशाला घाई करायलाव?"

सहा वर्षांनंतर ज्याला घाई वाटते त्या माणसाला काय बोलावं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दहावीचे अलंकार सुरू केले. दहावी आणि नववीच्या मधे नुसता पत्रा आहे. पोरं एका सुरात "रूपक" ओरडली की पलीकडून गणिताचे अमरेश सर पत्र्यावर डस्टर आपटतात. म्हणून मी बोटांची युक्ती काढली. मी ओळ वाचायची, पोरांनी तोंड न उघडता सांगायचं. उपमेला एक बोट. रूपकाला दोन बोटं चिकटवून, कारण तिथं दोन वस्तू एकच होऊन बसतात. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली तर चेतनगुणोक्ती, हात छातीवर. फुगवून सांगितलं तर अतिशयोक्ती, अख्खा तळहात उघडा आणि हात जाईल तितका वर. आणि साधं वाक्य आलं तर हात मांडीवर.

साधी वाक्यं मी मुद्दाम मधेच घुसवते. "आज गुरुवार आहे," म्हटलं तरी अर्ध्या वर्गानं काही ना काही वर केलंच. सत्यमनं तर अख्खा तळहात. मी म्हणाले, "अरे, गुरुवारात तुला काय फुगलेलं दिसलं?" तो म्हणाला, "मॅडम, आठवडा लई लांबलाय." वर्ग हसला, आणि पत्र्यावर डस्टर बसलं.

उत्प्रेक्षा जानेवारीत घेईन. तिला कोणतं बोट द्यायचं ते अजून सुचलेलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

पोरांना गृहपाठ दिला होता की गावात फिरा, पाट्या वाचा, बोलणं ऐका आणि एकेक अलंकार आणा. मला हौस. पाठ्यपुस्तकातलं पाठ करून पोरं पास होतील, पण कान उघडणार नाहीत, असलं काहीतरी मी स्टाफरूममध्ये बोलले पण होते.

पोरांनी लई सुंदर आणलं. महामायाच्या आजीनं भाकरी थापताना म्हटलं होतं, "चूल आज रुसलीय." चेतनगुणोक्ती. नरसिंगनं स्टँडवरच्या मोठ्या फ्लेक्सवरून आणलं, "ज्यांच्या पदस्पर्शाने माळरानाचे नंदनवन झाले." मी विचारलं, कोणता अलंकार? सगळ्या वर्गाचे तळहात वर. नरसिंग म्हणाला, "माळरान तर माळरानच हाय मॅडम, आमच्या शेळ्या तिथंच चरतेत."

सगळी उदाहरणं मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावली. अतिशयोक्तीखाली नरसिंगची ओळ.

फ्लेक्स भाऊसाहेबांचा होता हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खोटं कशाला लिहू, आलं होतं. पण शिकवताना मला भान राहत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

तक्ता भाऊसाहेबांच्या कानावर गेला. कुणीतरी फोटो काढून पाठवला. हेडसरांनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. तक्ता त्यांच्या टेबलावर गुंडाळी करून ठेवलेला. ते स्वतः मराठीचे एम.ए. आहेत, पण आज त्यांना अलंकार हा शब्दसुद्धा नको होता.

"तुमची फाइल साहेबांच्या हातात होती, मॅडम. पेन पण हातात होतं. अन् तुम्ही हे काय करून ठेवलाव?"

मी म्हणाले, सर, पोरांनी फ्लेक्सवरची ओळ आणली, उत्तर बरोबर होतं.

"बरोबरच होतं ना. म्हणून तर राग आलाय."

घरी येऊन स्वयंपाकाला लागले. आत्यांना काही सांगितलं नाही. भात करपला तेव्हा त्यांना कळलंच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सही नाही. हेडसर बोलत नाहीत. जेवण जात नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

माझा नवरा आनंदराज विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कंत्राटी आहे. शनिवारी येतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊन माफी माग, पण वाकू नको."

वाकायचं नाही आणि माफी पण मागायची, हे कसं करतात ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज हेडसर मला भाऊसाहेबांच्या बंगल्यावर घेऊन गेले. बाहेर पायरीवर बराच वेळ बसवलं. आत गेल्यावर भाऊसाहेब वर न बघता म्हणाले, "या शाळेनं तुम्हाला काय कमी केलं, मॅडम?"

मी वाकले. पाया पडले.

घरी सांगितलं की मोठ्या माणसाच्या पाया पडण्यात काही नाही. आत्या म्हणाल्या, "हाव, मोठ्याच्या पडावंच." पण मी ते मोठे म्हणून वाकले नव्हते, भीतीनं वाकले. माझे वडील असते तर जेवले नसते आज.

वाकल्यावर भाऊसाहेब नरमले. जानेवारीत त्यांची एकसष्टी आहे. मोठा सत्कार, मांडव, पाहुणे. ते म्हणाले, "तुमचं मराठी चांगलं हाय म्हणतेत. मानपत्र तुम्ही लिहा. तुम्हीच वाचा. असं लिहा की लोकांनी फ्रेम करावी. मग तुमच्या फाइलचं बघू."

बाहेर आल्यावर हेडसर म्हणाले, "सुटलाव, मॅडम." मला पण तसंच वाटतंय. मानपत्र लिहीन. लाज वाटेल, पण लिहीन. हात जोडून लिहायला सांगितलं असतं तरी लिहिलं असतं.

२२ डिसेंबर, सोमवार

भाऊसाहेबांच्या धाकट्या सूनबाई, तनुजाताई, आजपासून माझ्या तासाला मागच्या बाकावर बसतात. हेडसर म्हणाले, "बी.एड. झालंय त्यांचं, घरात बसून कंटाळल्यात. जरा अनुभव घेतील." बाई गोड आहे. नवीन पाठ्यपुस्तक, त्याला खाकी कव्हर, बाजूला पेन्सिल. बोटांची युक्ती तिला फार आवडली. पोरांबरोबर तिनंही हात वर केले. एकदा रूपकाला एकच बोट केलं तर महामायानं मागं वळून दुसरं बोट चिकटवायला लावलं.

मला बरंच वाटलं. घरातली माणसंच वर्गात बसून बघतील तर भाऊसाहेबांच्या कानावर चांगलं जाईल.

सुटल्यावर तनुजाताईंनी विचारलं, "मॅडम, तुम्ही इथून पुढं कुठं जाणार?" मी सांगितलं, अहमदपूरला, साडेपाचच्या गाडीनं. ती पुस्तक पिशवीत ठेवत म्हणाली, "गाडी चुकवू नका हं."

२७ डिसेंबर, शनिवार

आनंदराजला तनुजाताईंचं सांगितलं. त्यानं पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "अनुभव घ्यायला मराठीच का? इतिहास का नाही?"

मी चिडले. तुला सगळीकडं काळंच दिसतं, म्हणाले. बाईनं बी.एड. मराठीतच केलंय म्हणून मराठी. एवढी साधी गोष्ट. तो म्हणाला, "बरं." त्याचं हे 'बरं' मला आवडत नाही. आत्या आतून म्हणाल्या, "कव्हर घालून पुस्तक कोण आणतं गं, ज्याला वर्षभर वापरायचं हाय तेच ना?"

दोघं मिळून माझ्या जिवावर उठलेत. मला आशा लागलीय तर लागू द्यायची नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

मानपत्र पूर्ण झालं. अलंकार शिकवणं सोपं आहे, पण असले अलंकार घडवताना दात दुखतात. उपमेय एकच, भाऊसाहेब. त्यांच्यासाठी उपमानं कुठून आणायची? वड झाला, दीपस्तंभ झाला, नदी झाली. सूर्य फ्लेक्सवाल्यांनी आधीच वापरून ठेवलाय.

हेडसरांनी वाचलं. "खडकातून नद्या" या ओळीवर थांबले. मला वाटलं, आता म्हणतील की फार झालं. म्हणाले, "अजून थोडं वर न्या."

फाइलचं विचारलं. "सत्काराच्या दिवशी सगळं गोड होणार, मॅडम." मग म्हणाले, तुमची हजेरीची, कामाची सगळी मूळ कागदपत्रं एकदा ऑफिसात ठेवा, लातूरला पाठवताना लागतील. मी लगेच ठेवून आले. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

७ जानेवारी, बुधवार

गंमत झाली आणि भीती पण वाटली. परिपाठाला आज सुविचार वाचायची पाळी माझी होती. "ज्ञान हाच खरा दिवा," एवढं म्हटलं, आणि दहावीच्या सगळ्या रांगेनं दोन बोटं चिकटवून वर केली. रूपक. बरोबरच होतं. माझा तो वाचायचा आवाज लागला की त्यांचे हात आपोआप उठतात. मग मी म्हणाले, "आज बुधवार आहे," आणि सगळे हात खाली. एकाचाही चुकला नाही. सत्यमचा सुद्धा नाही.

हेडसर विचारत होते, पोरं बोटं काय दाखवायलेत? मी म्हणाले, सर, सराव आहे.

मला त्या रांगेचा अभिमान वाटला. बोर्डात या पोरांचा अलंकाराचा एकही गुण जाणार नाही. मान्यता आली तर पुढच्या दहावीलाही असंच शिकवीन. ती आलीच पाहिजे. नाही आली तर मी काय करू ते मला खरंच माहीत नाही. एसटीत बसल्यावर रोज हेच येतं, आणि मी खिडकीकडं तोंड करून बसते.

१० जानेवारी, शनिवार

आजच लिहिते, नाहीतर उद्या वेगळंच आठवेल.

शाळेच्या मैदानावर मांडव. स्टेजवर भाऊसाहेब, फेटा बांधलेले, शेजारी पाहुणे, मागच्या ओळीत घरची मंडळी. पोरं सगळी पुढं सतरंजीवर, दहावी पहिल्या रांगेत. मी स्टेजच्या कडेला मानपत्र घेऊन उभी.

हेडसर माइकवर होते. सत्कार, हार, शाल झालं. मग ते म्हणाले, "आज दुहेरी आनंदाचा दिवस हाय. आपल्या शाळेत मराठीच्या नवीन शिक्षिका रुजू होत आहेत. त्यांची मान्यता कालच हातात आलीय. सौ. तनुजाताई." टाळ्या झाल्या. तनुजाताई पुढं आल्या, पुष्पगुच्छ घेतला, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मराठीचं पद शाळेत एकच आहे.

मला आनंदराजचं 'बरं' आठवलं. कव्हर आठवलं. ऑफिसात मीच नेऊन ठेवलेले कागद आठवले. पडले नाही, रडले नाही. तेवढ्यात हेडसर म्हणाले, "आता मानपत्राचं वाचन आपल्या मनिषा मॅडम करतील."

गेले. का गेले, सांगता येत नाही. सवयीनं गेले असेन. कागद उघडला आणि वाचायला लागले.

"आपण या परिसराला वडासारखी सावली दिलीत."

समोर महामायाचं एक बोट वर आलं. मग तिच्या शेजारचं. मग सगळी रांग. मी डोळ्यांनी नको नको केलं, पण पोरं ओळ ऐकत होती, माझ्याकडं बघत नव्हती.

"आपण या माळरानावरचे दीपस्तंभ आहात."

दोन बोटं. सगळ्यांची चिकटलेली.

"आपल्या चाहुलीनं या शाळेच्या भिंतीही आनंदानं बोलू लागतात."

सगळे हात छातीवर. भाऊसाहेबांना ते बघून भरून आलं. त्यांनी पण आपला हात छातीवर ठेवला आणि मान हलवली. शेजारच्या पाहुण्याला म्हणाले ते माइकमध्ये आलं, "पोरांचं लई प्रेम हाय."

"आपण नुसतं बोट दाखवावं आणि खडकातून नद्या वाहाव्यात."

अख्खे तळहात. जाईल तितके वर. सत्यम तर गुडघ्यावर उभा राहिला हात उंच करायला. मागच्या वर्गांना वाटलं असंच करायचं असतं, त्यांनीही केले. अख्खं मैदान हातांचं झालं. भाऊसाहेब उठले आणि दोन्ही हात वर करून पोरांना उलट हात दाखवायला लागले. लोक टाळ्या वाजवत होते. हेडसर तेवढे टाळ्या वाजवत नव्हते, त्यांना अर्थ लागला होता. आणि तनुजाताईंना. त्या पुष्पगुच्छाकडं बघत बसल्या होत्या.

शेवटचा परिच्छेद राहिला होता. तो सगळ्यात फुगलेला होता. मी कागद मिटला. पण आवाज तोच ठेवला, वर्गातला.

"मी मनिषा, या शाळेत सहा वर्षं मराठी शिकवते."

समोरचे हात खाली आले.

"मला या शाळेनं एक दिवसाचा पगार दिलेला नाही."

सगळी रांग, हात मांडीवर.

"माझ्या जागेवर आज दुसऱ्या बाईंना घेतलं."

एकही बोट नाही. महामाया, नरसिंग, सत्यम, सगळे ताठ बसून माझ्याकडं बघत होते, आणि हात मांडीवर. मागच्या वर्गांनी दहावीचं बघून हात खाली घेतले. स्टेजवर भाऊसाहेब एकटेच अजून हात वर करून उभे होते.

मग हेडसरांनी माइक बंद केला.

११ जानेवारी, रविवार

आनंदराज म्हणतो, बरोबर केलंस. आत्या काही म्हणत नाहीत, माझ्या केसांना तेल लावून दिलं. मला बरोबर केल्यासारखं वाटत नाही. कागद मिटला नसता, शेवटचा परिच्छेद वाचला असता, तर कदाचित पुढच्या पदाला घेतलं असतं. पुढचं पद कुठलं, ते मला माहीत नाही. तरी हेच मनात येतंय. मी काही शूर बाई नाही.

१२ जानेवारी, सोमवार

हेडसरांचा फोन आला. "मॅडम, येऊ नका. तुमच्या आमच्या भल्यासाठी." कागदपत्रांचं विचारलं. शोधून ठेवतो म्हणाले. मग आवाज हळू करून म्हणाले, "शेवटच्या तीन वाक्यांना पोरांनी बरोबर ओळखलं बघा," आणि फोन ठेवला.

दिवसभर घरात. साडेपाचला गाडीच्या सवयीनं पायात चप्पल घातली आणि मग आठवलं, मी घरीच आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

दुपारी महामायाचा फोन, तिच्या वडिलांच्या मोबाइलवरून. मागं पोरांचा गलका, म्हणजे शाळेतूनच. "मॅडम, उत्प्रेक्षा सुरू झालीय. तिला कोणतं बोट?"

मी म्हणाले, "ते तुमच्या नव्या मॅडमला विचार, बाळ. आता त्या ठरवतील."

ती बारीक आवाजात म्हणाली, "त्यांनीच तुम्हाला विचारायला लावलंय."

मी भिंतीला टेकून खाली बसले. बोलायचं तर लई होतं. माझी जागा घेतली, कागद घेतले, आता बोट पण पाहिजे. फोन ठेवून द्यावा असं वाटलं. पलीकडं महामायाच्या मागं अमरेश सरांनी पत्र्यावर डस्टर आपटलेलं ऐकू आलं.

"करंगळी," मी म्हणाले. "वाकडी करून. जणू, भासे, वाटे, असा शब्द दिसला की करंगळी. आणि सगळ्यांना सांग, साधं वाक्य मधे टाकलं तर फसायचं नाही."

"हाव मॅडम," म्हणाली.

पेपर पोरांचा आहे, दुसरं काय करणार.